लाखेची रेकॉर्ड अन् मोठेबाबाची कॅसेट

लहान भाऊ बंगलोरला नोकरीला लागून चार वर्षं झाली, अन् चार वर्षांपासून तो आईला ये ये म्हणत होता, अन् आई चार वर्षांपासून म्हणत होती की धान कापून होऊ दे, मग धान चुरून होऊ दे, मग गाय जनू दे. शेवटी यंदा जानेवारीत मीच तिकीट काढून तिच्या हातात ठेवलं, गोंदियाहून वैनगंगा एक्सप्रेस धरली अन् उतरलो यशवंतपूरला. प्रवासाचं जास्त लिहीत नाही. आईनं सोबत इतकं बांधून घेतलं होतं की समोरच्या सीटवरच्या छत्तीसगडच्या फॅमिलीलाही दोन टाइम पुरलं, बस.

पहिल्या दिवशी भावानं मॉल दाखवला. आईनं सरकत्या जिन्याजवळ उभं राहून पाच मिनिटं विचार केला अन् म्हणाली तुमी या जाऊन, मी इथंच बसतो. (आमच्याकडं बायाही बसतो, जातो असंच बोलतात, पुण्याच्या वाचकांनी टायपिंगची चूक समजू नये.) दुसऱ्या दिवशी भाऊ म्हणे कुठं जायचं, तर मी म्हटलं जे पी नगरला संगीताचं एक म्युझियम आहे, इंडियन म्युझिक एक्सपीरियन्स, २०१९ मध्ये सुरू झालं, मले ते पाहायचं आहे. भावाची बायको हसली, की भाऊजींना बंगलोरात येऊन पण रेडिओच सुचतो. बरोबर आहे तिचं. माझं तालुक्याच्या गावी मोबाईल रिपेअरिंग अन् झेरॉक्सचं दुकान आहे, पण सुरुवात रेडिओ-टेपपासूनच झाली. हेड साफ करणं, बेल्ट बदलणं, गुंतलेली रीळ पेन्सिल घालून गुंडाळणं, याच्याच भरवशावर माझं लग्न जमलं म्हणा ना.

तर गेलो. आत जागोजाग हेडफोन लटकवलेले, स्क्रीनवर बोट लावलं की गाणं सुरू. लोकगीतांचं वेगळं, स्वातंत्र्याच्या लढ्यातल्या गाण्यांचं वेगळं, वाद्यांचं वेगळं. आईनं हेडफोन पदरावरूनच घातला, पदर काही डोक्यावरून खाली केला नाही, त्यामुळे एका कानात आवाज अन् दुसऱ्या कानात कापड. मी म्हटलं पदर सरकव ना जरा, तर म्हणे ऐकू येऊन राहिलं ना मले, तू आपलं पाह्य. पुतणी सात वर्षांची, ती तर प्रत्येक स्क्रीनला बोट लावून पुढं पळत होती, कोणतंच गाणं पुरं ऐकत नव्हती.

मी मात्र रेकॉर्डिंगच्या भागात अडकलो. आमच्या धंद्यातल्या माणसाला ही सगळी आपल्या आजा-पणज्याची गोष्ट वाटते. एडिसननं १८७७ मध्ये फोनोग्राफ केला, सिलिंडरवर कथलाचा पातळ पत्रा गुंडाळलेला, त्याच्यावर सुई. तो पत्रा दोनचार वेळा वाजवला की कामातून गेला. मग १८८७ मध्ये बर्लिनरनं चपटी तबकडी आणली, अन् खरा धंदा तिथून सुरू झाला, कारण चपट्या तबकडीचा साचा करून एकासारख्या हजार छापता येतात. याच्यात वीज नाही बरं का. भोंग्यात तोंड घालून गायचं, आवाजानं पडदा हालतो, पडद्यानं सुई हालते, अन् सुई फिरत्या मेणात रेघ ओढते. वाजवताना तीच गोष्ट उलटी. मायक्रोफोन लावून रेकॉर्डिंग १९२५ पासून, तोपर्यंत सगळा खेळ माणसाच्या छातीवर. ज्याचा आवाज बारीक त्याची रेघच उमटायची नाही. मले वाचता वाचता आमचे दंडारवाले आठवले, म्हणजे गावात नाचगाण्याचं लोकनाट्य करणारे, माइक यायच्या आधीचे, बसस्टँडच्या वडाखाली सुरू केलं तर तळ्याच्या पलीकडच्या टोलीत (वस्तीत) ऐकू जायचे. भोंग्यासमोर उभे केले असते तर सुईच तुटली असती.

आता गौहर जानचं. हे मी आधी वाचलं होतं, पण आईला सांगताना वेगळंच निघालं. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग नावाचा माणूस मशीन घेऊन कलकत्त्याला आला, हॉटेलच्या खोलीत सामान मांडलं अन् गाणाऱ्या बाया-माणसं बोलावली. त्यातली सगळ्यात गाजली ती गौहर जान. तीन मिनिटं गाते, अन् गाणं संपताच खणखणीत आवाजात इंग्रजीत म्हणते, माय नेम इज गौहर जान.

आईनं विचारलं, "नाव काऊन सांगते वो थे?"

मी सांगितलं की तेव्हा आपल्याकडं कारखाना नव्हता. मेणाच्या तबकड्या जहाजानं जर्मनीला जायच्या, हॅनोव्हरला, तिथं रेकॉर्डी छापल्या जायच्या. तिथल्या माणसाला कोण कळते कोण गायलं? त्याच्यासाठी नाव. लेबलावर चूक होऊ नये म्हणून. (कलकत्त्यात कारखाना १९०८ मध्ये झाला.)

आई म्हणे, "मंग छापच व्हय ना थे."

मी गप. अरे हो की. आमच्याकडं खडी गंमतीत, म्हणजे ढोलकीवरच्या आमच्या तमाशात, शाहीर शेवटच्या कडव्यात आपलं नाव अन् गावाचं नाव घालतो, त्याले छाप म्हणतात. छाप आली की ढोलकीवाल्याले कळतं आता उतरायचं आहे, अन् पब्लिकलेही कळतं गाणं कोणाचं. शाहिराची छाप गाण्यात बसवलेली असते, यमकात, अन् गौहरची बिचारीची गाण्याच्या बाहेर, परक्या मेकॅनिकसाठी. पण काम तेच. माझे वीस वर्षं या मशिनींत गेले अन् हे मले सुचलं नाही, चौथी शिकलेल्या आईला उभ्या उभ्या सुचलं.

मग आईनं विचारलं, मेली कुठं ती? मी म्हटलं इथंच, म्हैसूरला, दरबारात ठेवली होती राजानं शेवटी, १७ जानेवारी १९३० ला गेली. आई म्हणे, "बापरे, कलकत्त्याची बाई इतक्या लांब!" अन् मग आम्ही गोंदिया जिल्ह्यातले इथं उभे आहोत हे तिच्या ध्यानात आलं असावं, कारण हसली.

काळ्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) रेकॉर्डी पाहताना मी सहज म्हटलं, आई, हे लाखेचं असते. तिले पटेचना. लाख म्हणजे तिच्यासाठी पळसाची लाख. तिचं माहेर अर्जुनी मोरगावकडचं, जंगलाला लागून. लहानपणी तिच्या घरी पळसाच्या फांद्यांवर लाखेचं बी बांधायचे, म्हणजे किडे असलेल्या काड्याच पेंढी करून झाडाला बांधायच्या, किडे नव्या फांदीवर पसरतात, रस पितात अन् अंगाभोवती कवच करतात, ते कवच म्हणजे लाख. मग काड्या तोडून आणायच्या अन् पोट्ट्यायले बसवायचं खरडायला. आई सांगे हात लाल व्हायचे, चार चार दिवस जायचे नाही, शाळेत गुरुजी विचारत मेंदी कोणाच्या लग्नाची. ती कच्ची लाख व्यापारी न्यायचा. धुऊन, वितळवून, कापडाच्या लांब पिशवीतून पिळून तिचा चपडा होतो, सुतार पॉलिशसाठी वापरतात तो. अन् हाच चपडा पन्नासेक वर्षं साऱ्या जगाच्या रेकॉर्डींत गेला. दुसरं काही त्या कामाचं सापडलंच नव्हतं, अन् लाख बहुतेक सगळी भारतातून जायची. दुसऱ्या महायुद्धात तिकडं चपड्याचा इतका तुटवडा झाला की विलायतेत अन् अमेरिकेत जुन्या रेकॉर्डी गोळा करून पुन्हा वितळवायचे. १९४८ मध्ये प्लास्टिकची, जास्त वेळ वाजणारी एलपी रेकॉर्ड आली अन् लाखेचा तो बाजार हळूहळू बसला. आपल्याकडं मात्र ७८ च्या रेकॉर्डी बऱ्याच उशिरापर्यंत निघत होत्या, बीटल्सच्यासुद्धा लाखेवर निघाल्या, साठच्या दशकात, जगात दुसरीकडं लोक त्या विसरून गेले होते तेव्हा.

तर त्या काचेमागच्या रेकॉर्डीत कुठल्या झाडाची लाख आहे हे कोणी सांगू शकत नाही. पण आई काचेला नाक लावून उभी. बऱ्याच वेळानं म्हणाली, "तरीच तुया आबाजीनं..." अन् पुढं तिले हसूच आवरेना. मग ती गोष्ट मीच भावाच्या बायकोला सांगितली, तिले माहीत नव्हती.

झालं होतं असं की आमच्या गावात लग्नाला भोंगेवाला यायचा, बंडीत सामान घालून, भोंगा, बॅटरी, रेकॉर्डींची पेटी. एका लग्नात परत जाताना नाल्यात बंडी कलंडली अन् अर्धी पेटी फुटली. ७८ ची रेकॉर्ड चिनी मातीच्या बशीसारखी फुटते. तो बिचारा डोकं धरून बसला, अन् आबाजीनं, म्हणजे माझ्या आजोबानं, काय केलं, ते तुकडे धोतरात गोळा करून आणले. कोणीतरी त्याले सांगितलं होतं की हे लाखेचं असते. आता विळ्याची मूठ बसवायला लाखच लागते ना, मुठीच्या भोकात लाख भरायची, विळ्याचं शेपूट तापवून आत दाबायचं, थंड झालं की पक्कं. आबाजीनं हिशोब केला की फुकटात दहा वर्षांची लाख मिळाली. लोहाराकडं नेली. लोहारानं तापवली, मऊ तर झाली, वास पण लाखेचाच आला, भरली मुठीत. धानकापणी सुरू झाली अन् दुसऱ्या दिवशी बांधीत विळा एकीकडं अन् मूठ आबाजीच्या हातात. लोहारानं तुकडा फोडून पाहिला अन् म्हणे, "पाटील, येच्यात लाख कमी अन् गोटाच जास्त हाये, फसवलं तुमाले."

लोहार खोटं नव्हता बोलला. रेकॉर्डीत लाख फार तर तिसरा हिस्सा, बाकी दगडाची भुकटी, काजळी अन् कापसाचे तंतू. ती भुकटी मुद्दाम घालतात, सुई घासून खाचेच्या मापाची व्हावी म्हणून. त्याच्यामुळेच तर दर बाजूला सुई बदलावी लागायची, अन् तो खरखर आवाज पण त्याचाच, लोक ज्याले जुन्या काळची गोडी म्हणतात. पण आबाजीले हे कोण सांगणार. तेव्हापासून आमच्या घरात म्हणच पडली, कोणी माणूस वरून चमकदार अन् आतून फुसका निघाला की, रेकॉर्डची लाख हाये थो. माझ्या एका मावसाला अजून लोक पाठीमागं रेकॉर्ड म्हणतात.

हसून झालं. पण बाहेर बाकावर बसलो तेव्हा डोक्यात तेच फिरत होतं. लाख आमच्याकडची, पळस आमचा, हात लाल झाले ते आमच्या मायबहिणींचे, अन् त्या लाखेवर आवाज कोणाचा तर कलकत्ता, मुंबई, लखनौ. कंपनीवर राग नाही माझा. तिनं जे विकेल ते छापलं, मीही दुकानात तेच कव्हर ठेवतो जे खपतं. अन् दंडार म्हणा की खडी गंमत म्हणा, रात्री दहाला सुरू होऊन कोंबडा आरवला तरी संपत नाही, ती तीन मिनिटांच्या तबकडीत कोणत्या बाजूनं घालणार? मोठमोठ्या खाँसाहेबांनी तासाचा ख्याल तीन मिनिटांत कोंबला, काहींनी नाहीच कोंबला. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज कुठल्या रेकॉर्डवर नाही, अन् त्यांच्या शिष्येचा, केसरबाई केरकरांचा, १९७७ मध्ये अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानावर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर गेला, यान अजून चालूनच राहिलं आहे. केसरबाई त्याच सप्टेंबरात वारल्या. म्हणजे गुरूचा आवाज इथं पृथ्वीवर सापडत नाही अन् शिष्येचा ताऱ्यांत फिरून राहिला. असा हा हिशोब.

झाडीपट्टीतलं, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यातलं, आमचं मात्र सगळं हवेत. आता थोडी वेळ बदलली, वडशाच्या नाटक कंपन्यांचे व्हिडिओ मोबाईलवर फिरतात, झाडीपट्टीचे नाटकवाले परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री पण मिळाली, फार आनंद झाला होता. पण जुने शाहीर गेले ते गेले.

अन् आता जे लिहितो ते मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं.

माझे मोठेबाबा, म्हणजे वडलांचे मोठे भाऊ, खडी गंमतीत शाहीर होते. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रेचे, दिवस आले की पंधरा-वीस गावं फिरायचे. बाबा त्यांच्यासोबत ढोलकीवर. एका वर्षी मंडईत शाळेचे एक गुरुजी टू-इन-वन घेऊन आले अन् त्यांनी मोठेबाबाची अर्धी रात्र तीन कॅसेटींत भरली. दोन त्यांनी नेल्या, एक आमच्या घरी दिली. मोठेबाबानं त्या कॅसेटच्या वरच्या दोन्ही चिपा स्वतः सुरीनं तोडल्या, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही भरल्या जाऊ नये. ज्यांनी कॅसेट वापरली त्यांना माहीत आहे, चीप तोडली की रेकॉर्डचं बटन दबत नाही.

अन् ज्यांनी वापरली त्यांना हेही माहीत आहे की त्या भोकावर चिकटपट्टी लावली की बटन दबतं.

९ मार्च १९९६. वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल, भारत-पाकिस्तान, अन् मॅच कुठं? याच बंगलोरात. मी दहावीला, परीक्षा डोक्यावर, गावात टीव्ही एकच अन् तिथं आत घुसायला जागा नाही, म्हणून रेडिओवर कॉमेंट्री ऐकत होतो. अजय जडेजानं वकार युनूसला धुवायला सुरुवात केली अन् माझ्या अंगात आलं, हे भरून ठेवलंच पाहिजे. कोरी कॅसेट घरात नव्हती. दप्तरातून चिकटपट्टी काढली. विचार पण नाही केला फारसा, खोटं काऊन बोलू. जडेजा २५ बॉलमध्ये ४५. मग बाजू पालटून पाकिस्तानची बॅटिंग, आमिर सोहेल, व्यंकटेश प्रसाद, दांडी, अन् थोड्या वेळानं लाईन गेली. सेल नव्हते. ३९ रननी जिंकलो हे सकाळी कळलं.

महिनाभरानं मोठेबाबा आले कॅसेट मागायला, त्यांच्या कोण पाव्हण्याला ऐकवायची होती. मी म्हटलं, रीळ गुंतली मोठेबाबा, खराब झाली. ते खाटेवर बसले, पाणी प्यायले अन् म्हणे, "जाऊ दे बाबू, मंडईत गाऊ अजून." गायले पण, पाच-सहा वर्षं. मी टेप दुरुस्त करायचं शिकलो ते त्याच वर्षी. कोणाला वाटेल पश्चात्तापानं शिकलो, तसं काही नाही, दहावीत नापास झालो म्हणून शिकलो. गुरुजींच्या दोन कॅसेटी त्यांच्या बदलीत कुठं गेल्या पत्ता नाही. मोठेबाबा २००३ मध्ये गेले, बाबा त्यानंतर चार वर्षांनी.

बंगलोरच्या त्या बाकावर बसून हे आठवत होतं अन् तिकडं साउंड गार्डनमध्ये, म्हणजे अंगणात वाजवायच्या वस्तू लावल्या आहेत तिथं, पुतणी अन् आई दोघी ठोकून ठोकून पाहत होत्या, कशातून काय आवाज निघतो. आई एकावर टिचकी मारून म्हणे ही आपल्या गाईच्या गळ्यातली. मी उठून गेलो नाही.

घरी आल्यावर आठ दिवसांनी माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला. कॅसेट होती. वर माझ्याच अक्षरात "भारत-पाक" लिहिलेलं, त्याच्या खाली मोठेबाबाच्या वळणाचा एक "श्री" अजून दिसत होता. रिळीवर पांढरी बुरशी आली होती. स्पिरिट अन् कापूस घेऊन दोन दिवस बसलो. दुकानातल्या भंगारातून एक डेक काढला, त्याचा बेल्ट डांबरासारखा वितळून पुलीला चिकटला होता, तो खरवडला (हात काळे, लाल नाही), दुसऱ्या मशीनचा बेल्ट चढवला, हेडचा अँगल थोडा वाकडा करून पाहिला. स्पीड जरा कमी येत होती, पण आवाज आला.

आई ओसरीत सुपात तांदूळ निवडत होती. आधी कॉमेंट्री, गर्दीचा गोंगाट, प्रसाद धावत येतो वगैरे. आईनं विचारलं, हे काय लावून बसला? मी काही बोललो नाही. मग टक् असा आवाज, जिथं लाईन गेली ती जागा. अन् तिथून पुढं मोठेबाबा.

जास्त नाही, बाजू तिथंच संपत येत होती. मी घड्याळ लावून पाहिलं, चाळीस सेकंद. गाणं उतरत आलेलं, टाळ, मागं कोणीतरी खोकलतं, अन् मोठेबाबाची छाप, गावाचं नाव, मग त्यांचं स्वतःचं नाव, लांबवून. ढोलकीची एक थाप अन् रीळ संपली.

आईचा हात सुपातच थांबला होता. मले वाटलं आता विचारेल, बाकीचं कुठं गेलं म्हणून. सांगायचं ठरवलं होतं मी.

"ढोलकी पुढं पळून राहिली पाह्य," ती म्हणाली. "तुया बाप व्हय थो. छाप आली का त्याले घरी जायाची घाई."

अन् सूप हलवून खडे काढायला लागली.